शेणाचे खत होते, मग कुत्र्याच्या विष्ठेचे का नाही? राखणीचा कुत्रा पाळणाऱ्या वाशिमच्या शेतकऱ्यांनी काय करावे?

वाशिम जिल्ह्यात वावरातल्या घरी कुत्रा हौसेसाठी पाळला जात नाही. सोयाबीन उगवले की रोही येतात, तूर आणि मका भरला की रानडुकरे येतात. रात्रभर जागली करणाऱ्या माणसाला सोबत लागते, आणि ती सोबत म्हणजे गोठ्याजवळ बसणारी दोन-तीन कुत्री. उरलेली भाकर, ताक-कण्या, रविवारी मटणाची हाडे एवढ्यावर ती राखण करतात. त्यांना साखळी नसते, घरही नसते. त्यामुळे ती शौचाला कुठे जातात, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

उत्तर सगळ्यांना माहीत असते. धुऱ्यावर, गोठ्यामागे, विहिरीच्या वाटेवर आणि पावसाळ्यात हमखास कुटाराच्या ढिगावर, कारण तेवढीच जागा कोरडी असते. अंगणात घाण दिसली तर ती फावड्याने उचलून उकिरड्यात टाकली जाते. शेणासोबत कुजेल आणि खतच होईल, असा त्यामागचा सरळ हिशेब असतो. हाच हिशेब चुकतो. ही चूक पोरांच्या पोटात, शेळीच्या काळजात आणि कधी कधी गाभण म्हशीच्या नुकसानीत दिसते. तेव्हा तिचा संबंध कुत्र्याशी कोणी जोडत नाही.

शेण आणि विष्ठेत फरक काय?

गाय-म्हैस चारा खाते. तिचे शेण म्हणजे बहुतांश अर्धवट पचलेला काडीकचरा. ते निर्जंतुक असते असे नाही, पण कुजवले की चांगले खत होते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा तसा अनुभव आहे. कुत्रा मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या आतड्यात राहणाऱ्या काही जंतांचे आयुष्यच मुळी कुत्रा, शेळी आणि माती अशा फेऱ्यावर चालते. त्या फेऱ्यात माणूस चुकून शिरतो.

यातला सर्वात त्रासदायक जंत आकाराने अगदी किरकोळ आहे. इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमी पूर्ण वाढला तरी लांबी जेमतेम २ ते ७ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. कुत्र्याच्या आतड्यात असे शेकडो-हजारो जंत असले तरी कुत्रा धडधाकट दिसतो. तो खातो, भुंकतो, डुकरामागे धावतो. त्याच्या विष्ठेतून मात्र डोळ्यांना न दिसणारी अंडी बाहेर पडत राहतात.

शेळीने चरताना ती अंडी खाल्ली की तिच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ वाढते. तिला हायडॅटिड गाठ म्हणतात. खाटकाला ही गाठ ओळखीची असते. काळजावर पांढरट, पाण्याचा फुगा दिसला की तो तेवढा भाग कापतो आणि समोर बसलेल्या कुत्र्याकडे फेकतो. कच्च्या गाठीतून कुत्र्याच्या पोटात नवे जंत तयार होतात. साधारण सहा-सात आठवड्यांत ते अंडी घालू लागतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

माणूस या साखळीत शेळीच्या जागी येतो. हात न धुता खाल्लेली भाकर, न धुता चिरलेला सांबार किंवा मेथी, कुत्र्याच्या अंगावरून फिरवलेला हात थेट तोंडात, अशा वाटांनी अंडी पोटात जातात. गाठ बहुतेक वेळा यकृतात होते, त्याखालोखाल फुप्फुसात. ती इतकी सावकाश वाढते की अनेकांना वर्षानुवर्षे पत्ताच लागत नाही. मग कधी तरी पोटाच्या उजव्या बाजूला जडपणा किंवा दुखणे सुरू होते, सोनोग्राफी होते आणि गाठ सापडते. उपचार आहेत, पण ते एका गोळीचे नाहीत. काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत अल्बेंडाझोल, गाठीतील पाणी सुईने काढण्याची प्रक्रिया, नाही तर शस्त्रक्रिया. गाठ पोटात फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. बोकडाचे मटण किंवा काळीज खाल्ल्याने माणसाला हायडॅटिड होत नाही. त्यासाठी अंडी पोटात जावी लागतात आणि अंडी असतात कुत्र्याच्या विष्ठेत.

पोरांना धोका जास्त का?

दुसरा जंत गोलकृमी, टोक्सोकारा. तो पिल्लांमध्ये सर्वाधिक आढळतो, कारण तो आईच्या गर्भातूनच पिल्लाला मिळतो. घरात पिल्लांशी सर्वाधिक खेळतात ती लहान मुले. अंडी पोटात गेल्यावर त्यांतून निघालेल्या अळ्या माणसाच्या शरीरात वाट चुकल्यासारख्या फिरतात. बहुतेकांना काहीच होत नाही. काही मुलांना ताप आणि खोकला येतो, यकृत वाढते. अळी डोळ्यात शिरली तर त्या डोळ्याची दृष्टी जाऊ शकते.

या जंताबाबत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ताज्या विष्ठेतील टोक्सोकाराची अंडी लगेच बाधा करू शकत नाहीत. मातीत तयार व्हायला त्यांना साधारण एक ते चार आठवडे लागतात. त्यामुळे अंगणातली घाण रोजच्या रोज उचलली तर या जंताचा धोका मोठ्या प्रमाणात टळतो. पट्टकृमीच्या अंड्यांबाबत ही सवलत नाही, ती बाहेर पडतात तीच तयार असतात. म्हणून उचलताना हात नको, खुरपे किंवा पत्र्याचे सुपडे हवे आणि नंतर साबण.

तिसरा जंत अंकुशकृमी. त्याच्या अळ्या ओल्या मातीतून थेट अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात आणि कातडीखाली नागमोडी लाल रेघ उमटते, प्रचंड खाज सुटते. निंदणाला जाणाऱ्या बायका आणि अंगणात खेळणारी पोरे या वाटेवर सर्वात आधी येतात.

शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी दिली जाते. ती घ्यायलाच हवी. पण ती माणसाच्या आतड्यातील जंतांसाठी आहे. डोळ्यात किंवा यकृतात गेलेल्या कुत्र्याच्या जंताच्या अळीवर त्या एका गोळीचा भरवसा धरता येत नाही.

म्हैस गाभडली, आणि कुटाराचा ढीग

शेतकऱ्याच्या खिशाला थेट भिडणारा भाग वेगळाच आहे. निओस्पोरा कॅनिनम हा एकपेशीय परजीवी १९८४ मध्ये नॉर्वेतील कुत्र्यांमध्ये प्रथम लक्षात आला, १९८८ मध्ये त्याला नाव मिळाले. तो कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो हे सिद्ध व्हायला १९९८ उजाडले. योगायोग असा की, अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला तो याच वर्षी, १ जुलैला.

या परजीवीने दूषित झालेला चारा गाभण गाईने खाल्ला तर ती गाभडू शकते, बहुतेकदा पाचव्या ते सातव्या महिन्यात. गाय वरून निरोगी दिसते. त्याहून वाईट म्हणजे ती पुढच्या वेतातही वासराला गर्भातूनच हा संसर्ग देऊ शकते. म्हशींनाही त्याची बाधा होते. माणसाला होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही.

इथे कुटाराचा ढीग महत्त्वाचा ठरतो. सोयाबीन आणि तुरीचे कुटार हा वाशिममधल्या जनावरांचा उन्हाळ्याचा आधार. तो ढीग मळणीपासून उघडा पडलेला असतो आणि कुत्र्याला बसायला त्याहून उबदार जागा नसते. ढिगाला खालून दोन-तीन फूट काटेरी फांद्यांचे कुंपण घातले, वरून ताडपत्री टाकली, तर बराच प्रश्न मिटतो. यात एक बारकावा आहे. कुत्र्याला जंताची गोळी दिली तरी निओस्पोरावर ती चालत नाही. त्यामुळे चारा झाकणे आणि विताना पडलेली वार किंवा गाभडलेले वासरू कुत्र्याच्या तोंडी लागू न देणे, हेच दोन मार्ग उरतात. वार खोल पुरावी. गोठ्यामागे टाकली की ती रात्रीतून नाहीशी होते, आणि ती कुठे गेली हे सांगायला नको.

गाभडण्यामागे ब्रुसेलासारखी इतरही कारणे असतात आणि ब्रुसेला माणसालाही होतो. त्यामुळे अंदाजाने कुत्र्याला दोष देण्याऐवजी पशुवैद्यकांकडून रक्ताची तपासणी करून घेणे योग्य.

उकिरड्यात जंत मरत नाहीत का?

मरतात, पण उष्णता मिळाली तर. पट्टकृमी आणि गोलकृमीची अंडी ६० अंशांच्या वर काही मिनिटांत मरतात. उकिरड्याच्या पोटात कधी कधी एवढी उष्णता तयारही होते. पण कडेला होत नाही आणि वरच्या थरात तर नाहीच. आपल्याकडे उकिरडा सहसा पलटवला जात नाही. वर्षभर वर वर टाकत जायचे आणि मृगाआधी गाडीत भरून वावरात पसरायचे. कडेची अंडी जशीच्या तशी वावरात पोहोचतात.

नाडेप टाके असले तर? ही पद्धत वाशिमच्या शेजारच्याच पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोके. काडीकचऱ्यातून कमी शेणात खत करायला ती उत्तम आहे. पण त्यातही ढीग पलटवत नाहीत, त्यामुळे सगळा माल सारखा तापेल याची खात्री नाही. गांडूळ खतात तर उष्णता मुळीच वाढू द्यायची नसते, नाही तर गांडुळेच मरतील. गोबर गॅसच्या संयंत्रातही जंतांची चिवट अंडी तग धरू शकतात आणि स्लरी शेवटी शेतातच जाते. तिन्ही ठिकाणी कुत्र्याची विष्ठा नको.

कुत्र्याच्या विष्ठेचे खत होतच नाही असे नाही. अमेरिकेतील अलास्कात बर्फगाड्या ओढणारी कुत्री डझनांनी पाळतात. तिथल्या कृषी विभागाने २००५ मध्ये त्यासाठी पद्धतच लिहून काढली. दोन भाग विष्ठा, एक भाग लाकडाचा भुसा, रोज तापमापकाने नोंद, ढीग वारंवार पलटवणे. एवढे करूनही तयार खत माणसाच्या खाण्याच्या पिकांना घालू नका, असा सल्ला त्यातच आहे. दोन कुत्र्यांसाठी वाशिमच्या शेतकऱ्याने एवढा खटाटोप करावा, असे काही वाटत नाही.

खड्डा कसा आणि कुठे?

सोपा उपाय म्हणजे वेगळा खड्डा. एका कुत्र्याची दिवसाची विष्ठा पाव किलो धरली, तर दोन कुत्र्यांची वर्षाला साधारण १८० किलो होते. आकडा मोठा वाटतो, पण त्यात बहुतांश पाणीच असते आणि ते जिरल्यावर फार थोडे उरते. २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ३ फूट खोल खड्डा दोन कुत्र्यांना आठ-दहा महिने, कदाचित वर्षभरही पुरतो. दर वेळी वरून ओंजळभर राख किंवा कोरडी माती टाकली की वास आणि माश्या दोन्ही कमी होतात. वर जुना पत्रा आणि त्यावर दगड हवाच. नाही तर कोंबड्या उकरतात आणि केलेले सगळे अंगणभर पसरते.

जागा मात्र विचार करून निवडावी. जिल्ह्यातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून सरळ खाली जाते. तीच माती श्रावणात चिबडते आणि सखल जागेतला खड्डा पाण्याने भरून वाहू लागतो. म्हणून खड्डा उंचवट्यावर, विहीर किंवा बोअरपासून किमान १०० फूट दूर आणि पाण्याच्या उताराच्या दिशेने विहिरीच्या खालच्या बाजूला घ्यावा. तोंडाभोवती मातीचा वीतभर बांध घालावा. खड्डा एक फूट रिकामा असतानाच मातीने बुजवावा, शेजारी नवा घ्यावा. बुजवलेल्या जागेवर कडुनिंब लावता येतो, मेथी-मुळा नको.

घराशेजारी दोन खड्ड्यांचे शौचालय असेल, तर त्यातही विष्ठा टाकता येते. प्लास्टिक आणि माती तेवढी आत जाऊ देऊ नये. भरलेला खड्डा बंद करून दीड-दोन वर्षे तसाच ठेवायचा असतो, त्या मुदतीत जंतांचाही निकाल लागतो. अट एकच, मुदत खरोखर पाळायची.

फिनाईलने वास जातो, अंडी मरत नाहीत. विहिरीत टाकली जाणारी टीसीएल पावडर जुलाब-कॉलऱ्याच्या जंतूंवर चालते, पण पिण्याच्या पाण्यात टाकण्याच्या मात्रेत ती या अंड्यांचे काही बिघडवत नाही. त्यामुळे वावरातल्या कठडा नसलेल्या विहिरीत धुऱ्यावरचे पाणी उतरत असेल, तर पावसाळ्यात ते उकळूनच प्यावे. खर्चाची तयारी असेल तर कठडा हा कायमचा इलाज. अंगणातल्या फरशीवर किंवा ओट्यावर उकळते पाणी ओतणे हा सर्वात स्वस्त निर्जंतुकीकरणाचा मार्ग आहे.

विदर्भाचा उन्हाळा इथे मदतीला येतो. या अंड्यांना कोरडेपणा सोसत नाही, एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर पडलेली बरीचशी अंडी मरतात. खरा काळ आहे जून ते सप्टेंबर. जमीन ओली, सावली दाट, कुत्री घराजवळ आणि माणसे दिवसभर हात-पाय चिखलात घालून. दुपारी धुऱ्यावर बसून शिदोरी सोडताना पाण्याच्या कॅनसोबत साबणाची वडी असणे, हा त्या चार महिन्यांत खड्ड्याइतकाच महत्त्वाचा भाग.

गोळी दिली की झाले?

विष्ठा कितीही उचलली तरी धुऱ्यावरची सगळी उचलली जाणार नाही. तीस एकरांत कुत्रा कुठे बसला हे कोण शोधणार? म्हणून खरा बंदोबस्त कुत्र्याच्या पोटात करावा लागतो. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध आहे, मात्रा कुत्र्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोला ५ मिलिग्रॅम. गोलकृमीसाठी त्यात दुसरे औषध मिसळलेल्या गोळ्याही मिळतात. अनेक घरांत शेळ्यांसाठी आणलेले जंताचे औषध उरले की कुत्र्याला पाजले जाते. या पट्टकृमीवर त्याचा भरवसा नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याचे वजन अंदाजे सांगून गोळी लिहून घ्यावी. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

जिथे कुत्र्याला कच्चे अवयव खायला मिळतात, तिथे ही गोळी दर सहा आठवड्यांनी द्यावी असे गणित निघते, कारण नव्या जंताला अंडी घालायला तेवढाच वेळ लागतो. एवढ्या वेळा देणे जमत नसेल, तर निदान कच्चे काळीज-फुप्फुस देणे थांबवावे. ते अर्धा तास उकळले की गाठीतला जंत मरतो आणि कुत्र्यालाही खाणे मिळते. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी गोलकृमीचे औषध लागते, दोन महिन्यांचे होईपर्यंत.

गोळी दिल्यानंतरचे दोन-तीन दिवस सर्वात जपायचे. औषध जंत मारते, अंडी मारत नाही. मेलेल्या जंतांसोबत ती एकदम बाहेर पडतात. त्या दिवसांत कुत्र्याला एका जागी बांधावे आणि तेवढी विष्ठा न चुकता खड्ड्यात टाकावी, नाही तर जाळावी.

हे कुठे यशस्वी झाले आहे का? आइसलँड एकेकाळी हायडॅटिडने सर्वाधिक ग्रासलेल्या देशांपैकी एक होता. डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे यांनी १८६३ मध्ये तिथे जाऊन अभ्यास केला. त्यानंतर घरोघरी माहिती पोहोचवली गेली, मेंढ्यांचे अवयव कुत्र्यांना मिळणार नाहीत आणि कुत्र्यांना जंताचे औषध मिळेल असे कायदे झाले. राजधानी रेक्याविकमध्ये तर १९२४ पासून १९८४ पर्यंत कुत्रा पाळायलाच बंदी होती. न्यूझीलंडने मेंढपाळांच्या कुत्र्यांना सक्तीने औषध दिले. त्या मोहिमेत अनेक वर्षे वापरलेले अरेकोलिन हे मूळचे सुपारीतले द्रव्य. २००२ मध्ये तो देश हायडॅटिडपासून तात्पुरता मुक्त जाहीर झाला. दोन्हीकडे काही दशके लागली आणि दोन्हीकडे भर विष्ठेपेक्षा कुत्रा काय खातो यावर होता.

मालक नसलेल्या कुत्र्यांचे काय?

आपल्याकडची अडचण इथे वेगळी होते. आइसलँडच्या कुत्र्याला मालक होता. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली. वाशिमच्या गावांतील कितीतरी कुत्री कोणा एकाची नसून सगळ्या आळीची असतात. ती सकाळी मटणाच्या दुकानासमोर, दुपारी शाळेच्या ओट्यावर आणि रात्री कोणाच्याही वावरात असतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि रेबीज लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. नसबंदीसाठी पकडलेल्या कुत्र्याला त्याच वेळी प्राझिक्वांटेल देणे हे जवळपास फुकटात होणारे काम आहे.

त्यात गिधाडांची भर, किंवा खरे तर गिधाडांची उणीव. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे देशातली गिधाडे संपत आली आणि २००६ मध्ये त्या औषधावर पशुवापरासाठी बंदी आली. तोवर गावाबाहेर टाकलेले मेलेले ढोर काही तासांत साफ करणारी यंत्रणा नाहीशी झाली होती. आता ते काम कुत्री करतात, आठवडाभर. गिधाडाच्या पोटात हा पट्टकृमी वाढत नाही, कुत्र्याच्या पोटात वाढतो.

मेलेले जनावर पुरायला जेसीबी लावला तर खर्च येतो आणि हा खर्च कोणी करायचा, यावर अनेक गावांत एकमत होत नाही. मटणाच्या दुकानामागचा खड्डा मात्र ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला आहे. चार फूट खोल, झाकण असलेला, रविवारी संध्याकाळी बंद होणारा. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय कोणताही ग्रामस्थ लेखी अर्ज देऊन मांडू शकतो.